रात्री अकरानंतरचा हुकूम

१३ जुलै १९९५. बोस्नियातील श्रेब्रेनित्सा गावाजवळच्या पोटोचारी या वस्तीत, बॅटऱ्यांच्या एका जुन्या कारखान्यात, संयुक्त राष्ट्रांच्या डच पलटणीचा तळ होता. दोनच दिवसांपूर्वी राट्को म्लाडिचच्या सर्ब फौजांनी श्रेब्रेनित्सा घेतले होते. जीव मुठीत धरून पळालेल्या मुसलमान कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसे कारखान्याच्या आवारात शिरली होती आणि त्यांच्या कितीतरी पट बाहेर उघड्यावर बसली होती. आता डच अधिकारी आतल्या लोकांना बाहेर पडायला सांगत होते. फाटकाबाहेर सर्ब सैनिक पुरुषांना आणि वयात आलेल्या मुलांना बायकांपासून वेगळे काढत होते.

हसन नुहानोविच हा तरुण या तळावर दुभाषा होता. संयुक्त राष्ट्रांचे ओळखपत्र असल्यामुळे त्याला आत राहता येणार होते. त्याचे वडील इब्रो हे म्लाडिचशी बोलणी करायला गेलेल्या तीन नागरिकांपैकी एक, त्यामुळे त्यांनाही मुभा मिळाली. आई आणि धाकटा भाऊ मुहामेद यांना मात्र नाही. भावाचे नाव कर्मचाऱ्यांच्या यादीत घाला, अशी विनवणी हसनने केली. पलटणीचे उपप्रमुख मेजर रॉब फ्रांकेन यांनी नकार दिला, कारण मुहामेदकडे ओळखपत्र नव्हते. इब्रो आत राहू शकत असूनही मुलाबरोबर फाटकाबाहेर गेले. आई, वडील, भाऊ, तिघेही मारले गेले. त्याच पलटणीत वीजतंत्री म्हणून काम करणारे रिझो मुस्ताफिच यांना तर राहण्याचा हक्क होता. पण एका अधिकाऱ्याच्या चुकीमुळे त्यांनाही जायला सांगण्यात आले. तेही परत आले नाहीत. त्या आठवड्यात श्रेब्रेनित्साच्या परिसरात सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले.

हसन नुहानोविच आणि मुस्ताफिच कुटुंब नेदरलंड्सच्या न्यायालयात गेले. दाव्यातला प्रश्न वरवर साधा होता. आमच्या माणसांना बाहेर काढणारे ते सैनिक कोणाचे? त्यांच्या डोक्यावर निळे शिरस्त्राण होते, गाड्यांवर 'यूएन' लिहिलेले होते, आणि सरसेनापती होते फ्रेंच जनरल बर्नार जानव्हिए, ज्यांचे मुख्यालय झाग्रेबला होते. डच सरकारचे म्हणणे असे, की हे सैनिक आम्ही संयुक्त राष्ट्रांकडे सोपवले होते. तेव्हा जे घडले ते त्यांचे, आमचे नव्हे. आणि संयुक्त राष्ट्रांना कोणत्याही देशाच्या न्यायालयात खेचता येत नाही. म्हणजे एक म्हणतो माझे नाही, आणि ज्याचे म्हणावे त्याच्या दाराला कडी.

२००८ साली हेगच्या जिल्हा न्यायालयाने सरकारचे म्हणणे मान्य केले. २०११ साली अपील न्यायालयाने ते फिरवले, आणि ६ सप्टेंबर २०१३ रोजी डच सर्वोच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल कायम केला. पुढे श्रेब्रेनित्साच्या मातांनी लावलेल्या स्वतंत्र दाव्यात तर न्यायालयाने घड्याळाकडे बोट दाखवले. ११ जुलै १९९५, रात्री अकरा. त्या क्षणापूर्वी पलटणीने जे केले ते संयुक्त राष्ट्रांच्या खाती. त्यानंतर आवारातल्या निर्वासितांबाबत जे केले ते नेदरलंड्सच्या.

तेच सैनिक, तोच तळ, तीच शिरस्त्राणे. मग रात्री अकरा वाजता नेमके काय बदलले? हे समजून घ्यायचे तर श्रेब्रेनित्सा काही काळ बाजूला ठेवून बरेच मागे जावे लागते.

*

सैन्याच्या व्यवहारात ज्याला 'कमांड' म्हणतात त्याला या लेखात मी 'हुकमत' म्हणणार आहे. आपल्याला वाटते हुकमत म्हणजे 'चल' म्हटले की पलटण चालते, ती ताकद. पण ती हुकमतीची केवळ दर्शनी बाजू. न चालल्यास शिक्षा कोण करणार, बढती कोण देणार, पलटण मोडून दुसरीकडे कोण नेणार, माघारी कोण बोलावणार आणि मेल्यावर पेन्शन कोण देणार, हे सारे हुकमतीत येते. आंतरराष्ट्रीय दलात सैन्य पाठवणारे देश या गाठोड्यातली एकच वस्तू दुसऱ्याच्या हातात देतात. ठरलेल्या प्रदेशात, ठरलेल्या मुदतीपुरते, ठरलेल्या कामासाठी सैन्य वापरण्याचा अधिकार, तेवढाच. लष्करी परिभाषेत त्याला 'ऑपरेशनल कंट्रोल' म्हणतात. बाकीचे गाठोडे घरीच राहते.

भारताचेच पाहा. संविधानाच्या अनुच्छेद ५३नुसार संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. १९५०चा लष्कर कायदा आपल्या जवानाला तो जगात कुठेही असला तरी लागू राहतो. काँगोत किंवा दक्षिण सुदानात निळी टोपी घातलेल्या मराठा पलटणीच्या जवानाने पहाऱ्यावर झोप काढली, तर त्याचे कोर्ट मार्शल भारतीय कायद्याने, भारतीय अधिकाऱ्यांपुढे होते. संयुक्त राष्ट्रांचा फोर्स कमांडर त्याला एका दिवसाचीही कैद देऊ शकत नाही. फार तर त्याला घरी पाठवा, असे म्हणू शकतो. २००७ साली हैतीमधल्या श्रीलंकेच्या तुकडीवर लैंगिक शोषणाचे आरोप झाले तेव्हा शंभरहून अधिक सैनिक मायदेशी धाडण्यात आले. संयुक्त राष्ट्रांची धाव तिथपर्यंतच. पुढे काय करायचे, हा कोलंबोचा प्रश्न.

मराठी वाचकाला इथे तैनाती फौज आठवणे साहजिक आहे. १८०२च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने कंपनीचे सहा हजार पायदळ पदरी घेतले आणि त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला. पैसा पेशव्याचा, फौज पुण्याच्या रक्षणाची म्हणवलेली, हुकूम मात्र कंपनीचा. ज्याच्या हाती शिक्षा आणि बढती, त्याचीच ती फौज. बाजीरावाला हे कळायला पंधरा वर्षे लागली. शांतिसेनेतल्या प्रत्येक सैनिकामागे संयुक्त राष्ट्रे संबंधित देशाला दरमहा ठरावीक डॉलर देतात, म्हणून ती त्यांची फौज होते असे मानणाऱ्यांनी ही जुनी गोष्ट लक्षात ठेवावी. अर्थात ही तुलना इथेच थांबवलेली बरी. कंपनीला मुलूख हवा होता. शांतिसेनेत सैन्य पाठवणाऱ्यांना बहुधा तिथून लवकर निघायचे असते.

*

दुसऱ्याच्या सेनापतीखाली आपले सैन्य किती द्यायचे, याचे आधुनिक व्याकरण पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी तयार झाले, तेही गळ्याशी आल्यावर. साडेतीन वर्षे फ्रेंच आणि ब्रिटिश शेजारी शेजारी लढत होते, पण प्रत्येकाचा सेनापती वेगळा. २१ मार्च १९१८ रोजी जर्मनांनी दोन्ही सैन्यांच्या सांध्यावरच घाव घातला. पाच दिवसांनी दुलां या गावच्या नगरभवनात घाईघाईने बैठक झाली आणि दोन्ही सैन्यांत मेळ घालण्याचे काम फ्रेंच जनरल फर्डिनांड फॉश यांच्याकडे सोपवले गेले. हे पुरेसे नाही हे लगेच दिसले. ३ एप्रिलला बोव्हे इथे पुन्हा बैठक झाली, तिला अमेरिकेचे जनरल पर्शिंगही होते. या वेळी फॉशना मोहिमेच्या व्यूहात्मक दिग्दर्शनाचा अधिकार मिळाला. पण करारात एक शेपूट जोडलेले होते. फॉशच्या आदेशामुळे आपले सैन्य धोक्यात येते आहे असे एखाद्या राष्ट्रीय सेनापतीला वाटले, तर त्याला आपल्या सरकारकडे दाद मागता येईल.

हे शेपूट म्हणजेच खरा करार, असे माझे मत आहे. ऑगस्टमध्ये आमियांच्या विजयानंतर फॉशना हल्ला पुढे रेटायचा होता. ब्रिटिश सेनापती डग्लस हेइग यांना समोरची फळी फार मजबूत वाटत होती. त्यांनी साफ सांगितले, की ब्रिटिश सैन्याच्या वापराबद्दल मी माझ्या सरकारला आणि देशबांधवांना जबाबदार आहे. फॉश मागे सरले. लंडनला तार करण्याची वेळही आली नाही. तो हक्क खिशात असणे पुरेसे होते. पुढे नाटोच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांत याच हक्काला 'रेड कार्ड' हे फुटबॉलमधले नाव पडले. जून १९९९मध्ये प्रिश्टिनाच्या विमानतळावर रशियन तुकडी येऊन बसली, तेव्हा नाटोचे अमेरिकन सरसेनापती वेस्ली क्लार्क यांनी धावपट्टी अडवण्याचा आदेश दिला आणि हाताखालच्या ब्रिटिश जनरल माइक जॅक्सन यांनी तो पाळला नाही. लंडन जॅक्सनच्या मागे उभे राहिले. एक्क्याऐंशी वर्षांनंतरही बोव्हेचे शेपूट वळवळत होतेच.

अमेरिकनांची गोष्ट याहून बोलकी आहे. १९१७मध्ये पर्शिंग निघाले तेव्हा त्यांना लेखी आदेश होता, की मित्रांना सहकार्य करावे, पण अमेरिकन सैन्याची स्वतंत्र ओळख मोडू देऊ नये. पर्शिंगनी तो जिवापाड पाळला. आमच्या रिकाम्या जागा भरायला तुमचे सैनिक द्या, अशी फ्रेंच आणि ब्रिटिशांची मागणी ते परतवत राहिले. अपवाद एकच मोठा. कृष्णवर्णीयांच्या चार रेजिमेंट्स त्यांनी फ्रेंच सैन्याला देऊन टाकल्या, आणि त्या फ्रेंच शिरस्त्राणे घालून युद्ध संपेपर्यंत तिकडेच लढल्या. ज्यांच्याबरोबर आपल्या गोऱ्या सैनिकांना लढवायचे नव्हते, त्यांच्यावरची हुकमत देऊन टाकताना राष्ट्रीय अस्मिता आड आली नाही.

*

१९४५ साली संयुक्त राष्ट्रांची सनद लिहिणाऱ्यांसमोर हा सगळा इतिहास होता. त्यांनी कल्पना मोठी केली. अनुच्छेद ४३नुसार सर्व देश सुरक्षा परिषदेशी करार करून सैन्य देतील आणि पाच बड्या देशांच्या सेनाप्रमुखांची एक समिती त्याचे व्यूहात्मक दिग्दर्शन करील. पण या सैन्यावर प्रत्यक्ष हुकमत कोणाची? अनुच्छेद ४७च्या तिसऱ्या कलमात याचे उत्तर आहे, आणि ते वाचताना हसावे की रडावे कळत नाही. हुकमतीविषयीचे प्रश्न नंतर ठरवण्यात येतील, असे तिथे लिहिले आहे. अनुच्छेद ४३खालचा एकही करार झाला नाही. ते 'नंतर' अजून आलेले नाही.

कोरियात १९५० साली सुरक्षा परिषदेने सोपा मार्ग काढला. हुकमत सरळ अमेरिकेला दिली आणि संयुक्त राष्ट्रांचा झेंडा वापरायची परवानगी दिली. जनरल मॅकआर्थर वॉशिंग्टनचे ऐकत, न्यूयॉर्कचे नव्हे. आणि शेवटी शेवटी वॉशिंग्टनचेही नाही, म्हणून एप्रिल १९५१मध्ये त्यांना घरी जावे लागले. काढले ते राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी, सुरक्षा परिषदेने नव्हे.

त्याच कोरियात दुसरा सोपा मार्ग निघाला आणि त्यात एक मराठी माणूस आहे. १९५३च्या युद्धविरामानंतर मायदेशी परतायला तयार नसलेले बावीस हजारांहून अधिक युद्धकैदी पाच तटस्थ देशांच्या आयोगाकडे सोपवायचे ठरले. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. कैद्यांवर पहारा ठेवणारे सैन्य मात्र केवळ भारताचे असावे, असे करारातच लिहिले गेले. सुमारे सहा हजारांच्या त्या दलाचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. पाच देशांची मिश्र फौज केली असती तर पोलिश सैनिकाला स्वीडिश अधिकाऱ्याचा हुकूम चालेल का, हा घोळ सुरू झाला असता. एका देशाची फौज म्हटल्यावर तो मिटला. पण आयोगातले मतभेद मिटले नाहीत. कैद्यांनी सुनावणीला यायला नकार दिल्यावर बळ वापरायचे की नाही यावर आयोग दुभंगला. स्विस आणि स्वीडिश सदस्यांचा विरोध होता. कुंपणापाशी उभ्या जवानाला हुकूम एकाच भाषेत मिळत होता, एवढेच समाधान.

*

खरी मिश्र फौज काँगोत उभी राहिली आणि तिथेच सारे प्रश्न एकदम समोर आले. जुलै १९६०मध्ये बेल्जियमकडून नुकत्याच स्वतंत्र झालेल्या काँगोत संयुक्त राष्ट्रांनी सैन्य उतरवले. पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा पदच्युत झाले, पकडले गेले आणि १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगात त्यांची हत्या झाली. संयुक्त राष्ट्रांची फौज तिथे असून हे घडले म्हणून संतापलेल्या देशांनी आपापले सैनिक काढून घेतले. संयुक्त अरब प्रजासत्ताक, गिनी, माली, मोरोक्को, इंडोनेशिया. हामरशोल्ड यांच्या हाती विनंती करण्यापलीकडे काही नव्हते. फौज त्यांची होती, फक्त जोवर देणाऱ्यांना ती तिथे ठेवायची होती तोवर.

ही पोकळी भरायला भारताने मार्च १९६१मध्ये ९९वी इन्फन्ट्री ब्रिगेड पाठवली. नेहरूंनी पाठवताना अटी घातल्या, की हे सैन्य लोकचळवळी दडपायला वापरता कामा नये. अट घालणे म्हणजेच हुकमतीचा एक दोर हातात ठेवणे, हे नेहरूंना अर्थातच ठाऊक होते. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिलमध्ये गोरखा रायफल्सचे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया रस्ता मोकळा करताना मारले गेले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत मिळालेले ते एकमेव परमवीर चक्र. हुकूम निळ्या झेंड्याखालचा, कृतज्ञता मात्र राष्ट्रपती भवनातून.

काँगोतला मला सर्वांत रंजक वाटणारा प्रसंग त्यानंतर वर्षभराने घडला. डिसेंबर १९६२च्या अखेरीस फुटीर कटांगा प्रांताविरुद्धची शेवटची मोहीम सुरू झाली. ब्रिगेडियर नोरोन्हा यांच्या हाताखालची भारतीय ब्रिगेड जादोव्हिल या खाणींच्या शहराकडे निघाली. त्याच गावात वर्षभरापूर्वी आयरिश कंपनीला दारूगोळा संपल्यावर शरण जावे लागले होते. वाटेत लुफिरा नदी. सरचिटणीस ऊ थांट यांना वाटत होते, की फौजेने नदीपाशी थांबावे, म्हणजे कटांगाचे नेते चोम्बे यांच्याशी बोलणी होतील. नदीवरचे पूल शत्रूने उडवले होते. पण भारतीय तुकडीला पलीकडे जायची वाट सापडली, आणि वाट सापडल्यावर ती थांबली नाही. ३ जानेवारी १९६३ रोजी जादोव्हिल हाती आले, फारसा प्रतिकार न होता.

विजय मिळूनही न्यूयॉर्कमध्ये खळबळ उडाली. सरचिटणिसाची फौज सरचिटणिसाचेच ऐकत नाही असा त्याचा अर्थ होत होता. ऊ थांट यांनी राल्फ बंच यांना चौकशीसाठी काँगोत पाठवले. निष्पन्न झाले ते असे, की कोणी आज्ञाभंग केला नव्हता. मुख्यालय आणि मैदान यांच्यातला संपर्क आणि समन्वयच तुटला होता. यात दिल्लीचा हात नव्हता. इथे हुकमतीचा तिसराच दावेदार दिसतो, तो म्हणजे प्रत्यक्ष मैदान. समोर ओलांडता येण्याजोगी नदी, पलीकडे गडबडलेला शत्रू आणि हातात अनुभवी ब्रिगेड असताना हजारो मैलांवरची तार किती पोचते? बंच यांचा निष्कर्ष सौम्य होता, तो शहाणपणाचाही होता. भारतीय ब्रिगेडला दुखावून पुढच्या मोहिमेला सैन्य कुठून आणणार?

*

शीतयुद्ध संपल्यावर मोहिमा वाढल्या आणि हे दोर उघडे पडले. सोमालियात १९९३ साली फोर्स कमांडर होते तुर्की जनरल चेव्हिक बिर. ५ जूनला मोगादिशूत चोवीस पाकिस्तानी सैनिक मारले गेले आणि मोहीम शिकारीसारखी झाली. इटालियन तुकडीचे प्रमुख जनरल ब्रुनो लोई यांना ही पद्धत पसंत नव्हती. ते महत्त्वाच्या आदेशांवर आधी रोमचा सल्ला घेत. संयुक्त राष्ट्रांनी त्यांना परत बोलवा म्हणून मागणी केली. रोमने नकार दिला. सोमालिया एके काळी इटलीचीच वसाहत होती, ही गोष्टही या भांडणात होतीच.

अमेरिकनांची व्यवस्था आणखी गुंतागुंतीची. बिर यांचे उपप्रमुख अमेरिकन मेजर जनरल माँटगोमेरी, पण तेच त्याच वेळी अमेरिकन सैन्याचे स्वतंत्र प्रमुखही. आणि फरार सरदार ऐदीदला पकडायला आलेली रेंजर तुकडी यांपैकी कोणाच्याच नव्हे, थेट अमेरिकन साखळीच्या हाताखाली. ३ ऑक्टोबरला तिची हेलिकॉप्टरे पडली, अठरा अमेरिकन मेले. रात्रभर अडकलेल्यांना सोडवायला मलेशियाच्या चिलखती गाड्या आणि पाकिस्तानी रणगाडे गेले. एक मलेशियन सैनिकही त्यात मारला गेला. अमेरिकेत मात्र ओरड झाली, की आमची मुले परक्यांच्या हुकमतीखाली मेली. ज्या कारवाईचा हुकूम पूर्णपणे अमेरिकन होता, तिचे खापर निळ्या टोपीवर फुटले. मे १९९४मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी जो निर्देश काढला त्यात म्हटले, की अमेरिकन सैन्यावरील हुकमत राष्ट्राध्यक्ष कधीही सोडणार नाहीत. ऑपरेशनल कंट्रोल तेवढा, प्रसंग पाहून. कायद्याच्या दृष्टीने यात नवे काही नव्हते, बोव्हेपासून हेच चालत आले होते. नवे होते ते त्यामागचे भय, आणि त्याची किंमत त्याच महिन्यांत रवांडा मोजत होता. एप्रिलमध्ये तिथे दहा बेल्जियन सैनिकांची हत्या झाली, बेल्जियमने आपली तुकडी काढून घेतली, आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने फौज २७० माणसांवर आणली. कॅनडाचे जनरल दालेर यांच्याकडे हुकमत होती. हुकूम करायला माणसे नव्हती.

जर्मनीने हा प्रश्न न्यायालयात नेला, हे त्या देशाच्या स्वभावाला धरूनच. १२ जुलै १९९४ रोजी घटना न्यायालयाने ठरवले, की आंतरराष्ट्रीय दलात सैन्य देता येईल, पण आधी संसदेची संमती हवी. आपल्याकडे अशी अट नाही. भारतीय जवान परदेशी कोणत्या कामाला जातो हे मंत्रिमंडळ ठरवते. १४ जुलै २००३ रोजी इराकमध्ये अमेरिकेच्या बाजूने सैन्य पाठवायला वाजपेयी सरकारने नकार दिला, तोही मंत्रिमंडळाच्या समितीत. निर्णय योग्य होता असेच मला वाटते. पण तो उलटा झाला असता, तरी संसदेत मतदान झाले नसते.

भारताचा या बाबतीतला सर्वांत कडू अनुभव सिएरा लिओनचा. २००० साली तिथल्या मोहिमेचे फोर्स कमांडर होते मेजर जनरल विजय जेटली. मे महिन्यात बंडखोरांनी सुमारे पाचशे शांतिसैनिक ओलीस धरले. ब्रिटनने आपले सैनिक उतरवले, पण ते संयुक्त राष्ट्रांच्या फौजेच्या शेजारी, तिच्यात नव्हे. एकाच लहानशा देशात, एकाच शत्रूसमोर, दोन हुकमती. कैलाहून इथे २२२ भारतीय जवान आणि अकरा लष्करी निरीक्षक पंचाहत्तर दिवस वेढ्यात होते. जुलैच्या मध्यात 'ऑपरेशन खुकरी'ने त्यांना सोडवले. त्या कारवाईत भारतीयांबरोबर घाना आणि नायजेरियाच्या पलटणी आणि ब्रिटिश चिनूक हेलिकॉप्टरेही होती, म्हणजे मनात आले तर मेळ बसतो. पण सप्टेंबरमध्ये जेटलींचे एक टिपण फुटले. मोहिमेतले वरिष्ठ नायजेरियन अधिकारी हिऱ्यांच्या व्यवहारापायी बंडखोरांना सामील आहेत, असा आरोप त्यात होता. नायजेरियाने तो संतापून फेटाळला. त्यानंतर जेटलींचा हुकूम नायजेरियन पलटणी मानणार नाहीत हे उघड होते. भारताने आपली संपूर्ण तुकडी काढून घेतली. मोहीम केनियाच्या सेनापतीकडे गेली.

*

आता पोटोचारीकडे परत जाता येईल.

बोस्नियातल्या मोहिमेची घडी घालणारे पहिले फोर्स कमांडर भारतीय होते, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून आलेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. पण ते मार्च १९९३मध्येच परतले होते. श्रेब्रेनित्सा पडले तेव्हा, ११ जुलै १९९५च्या संध्याकाळी, झाग्रेबला जनरल जानव्हिए यांच्याकडे दोन डच जनरल बसले होते. नेदरलंड्सचे संरक्षण दलप्रमुख व्हान डेन ब्रेमेन आणि भूदलाचे व्हान बाल. संयुक्त राष्ट्रांच्या उतरंडीत या दोघांना कोणतेही स्थान नव्हते. ते आपल्या सरकारच्या वतीने आले होते. पलटण आणि निर्वासित यांना तिथून हलवायचे, हा निर्णय त्या बैठकीत जानव्हिए आणि डच सरकार यांनी मिळून घेतला.

डच न्यायालयांनी यावर बोट ठेवले. पलटणीची मूळ कामगिरी संपली होती. आता प्रश्न होता तिला बाहेर काढण्याचा, आणि सैन्य परत बोलावणे हा अधिकार देशाने कधीच दिलेला नसतो. म्हणून त्या रात्री अकरापासून नेदरलंड्सच्या हाती प्रत्यक्ष नियंत्रण आले. अपील न्यायालयाने आणखी एक कसोटी लावली होती. कोणी हुकूम दिला एवढेच पाहू नका. ते घडणे रोखण्याची ताकद कोणाकडे होती तेही पाहा. कागदावर ताबा संयुक्त राष्ट्रांचा असेल, तरी हेगहून एक फोन आला असता तर मुहामेद नुहानोविच आवारात राहिला असता. शिवाय एकाच कृत्याची जबाबदारी दोघांवरही असू शकते.

याच्या नेमके उलट युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००७ साली म्हटले होते. कोसोव्हात मित्रोव्हित्सा इथे न फुटलेल्या क्लस्टर बॉम्बशी खेळताना एक मुलगा मेला आणि त्याच्या भावाची दृष्टी गेली. तो भाग फ्रेंच सैन्याकडे होता. न्यायालय म्हणाले, अंतिम अधिकार सुरक्षा परिषदेचा, म्हणून फ्रान्सला विचारता येणार नाही. माझ्या मते हा निकाल 'अंतिम' या शब्दावर फार विसंबला. बोव्हेपासून मोगादिशूपर्यंतचा इतिहास पाहता हुकमतीचा दोर शेवटी कोणाच्या हातात असतो, याबद्दल सैनिकांना तरी कधी शंका नव्हती. देशांनी तो दोर ठेवावा यात मला काही गैर दिसत नाही. हेइग यांना आपल्या माणसांची चिंता होती, नेहरूंनाही होती. गैर आहे ते हे, की ओढायच्या वेळी दोर आपला असतो आणि उत्तर द्यायच्या वेळी तो निळा होतो. हा उद्योग करणारा नेदरलंड्स एकटा नव्हे. तो न्यायालयात पकडला गेला, कारण त्याची न्यायालये जागी होती.

मातांच्या दाव्याचा शेवट १९ जुलै २०१९ रोजी झाला. आवारातून बाहेर घालवलेल्या सुमारे ३५० पुरुषांना तिथेच राहण्याचा पर्याय द्यायला हवा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. पण राहिले असते तरी ते सर्बांच्या हातून वाचण्याची शक्यता किती? खालच्या न्यायालयाने तीस टक्के म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने दहा म्हटले, आणि नुकसानभरपाईच्या दहा टक्क्यांपुरती जबाबदारी राज्यावर टाकली.

२०२२च्या जूनमध्ये पंतप्रधान मार्क रुटे यांनी त्या पलटणीच्या जुन्या सैनिकांची माफी मागितली. तुम्हाला पुरेशा साधनांविना अशक्य कामावर पाठवले, असे त्यांनी सांगितले. पुढच्या महिन्यात, ११ जुलैला, संरक्षणमंत्री काइसा ओलोंग्रेन पोटोचारीला गेल्या आणि मेलेल्यांच्या नातेवाइकांची माफी मागितली.